एकमेकांच्या साथीने काम करणारे रोबोट : इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी पहिल्या पायरीपासून

दोन-तीन रोबोट एका मैदानात सोडले आणि ते एकमेकांना न धडकता फिरले, की बरेच ग्रुप सिनॉप्सिसमध्ये ‘सहकार्य करणारी रोबोट-प्रणाली’ असं लिहून मोकळे होतात. हे सहकार्य नव्हे, नुसती गर्दी झाली. खरं काय ते ओळखायला एक सोपी कसोटी आहे. काम चालू असताना एक रोबोट उचलून बाजूला ठेवा. बाकीच्यांच्या वागण्यात काहीच फरक पडला नाही, तर ते आधीही आपापलंच काम करत होते. फरक पडला, म्हणजे ते थांबले, वाट पाहू लागले किंवा त्यांनी काम नव्याने वाटून घेतलं, तर तुमच्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी आहे. पुढचं सगळं या कसोटीच्या हिशोबाने लिहिलं आहे.

तुम्ही आधी एखादा लाइन फॉलोअर किंवा अडथळा टाळणारा रोबोट केलेला आहे, मायक्रोकंट्रोलरवर कोड चढवता येतो आणि सोल्डरिंगची भीती वाटत नाही, एवढं मी धरून चालतो.

१. आधी काम ठरवा

कामं ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार वाटून घेण्याचा: जमीन झाडणं, विखुरलेले ठोकळे गोळा करणं, जागेचा नकाशा काढणं. हे एकटा रोबोटही करतो, फक्त वेळ जास्त लागतो. दुसऱ्या प्रकारातलं काम एकट्याला जमतच नाही: जड खोका ढकलणं, लांब दांडी दोन टोकांना धरून वळणातून नेणं. तिसऱ्यात भूमिका वेगळ्या असतात. एक बघतो, दुसरा उचलतो.

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी खोका ढकलायचं काम घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात ग्रिपर, म्हणजे वस्तू धरणारा पंजा, लागत नाही. ग्रिपर म्हणजे सर्व्हो, पकड, वजनाचा तोल अशी वेगळीच कटकट, आणि सेमिस्टरचा अर्धा वेळ तीच खाऊन टाकते. शिवाय ‘एकट्याला जमत नाही’ हे तोंडी सांगण्यापेक्षा गणिताने दाखवता येतं.

समजा तुमचा रोबोट ५०० ग्रॅमचा आहे आणि त्यातलं ४०० ग्रॅम वजन चालत्या चाकांवर पडतं. उरलेलं पुढच्या कॅस्टरवर, म्हणजे मोटर नसलेल्या आधाराच्या चाकावर. रबरी टायर आणि जमीन यांच्यातला घर्षणांक ०.६ धरला, तर तो जास्तीत जास्त ०.४ × ९.८ × ०.६, म्हणजे सुमारे २.३५ न्यूटन जोराने ढकलू शकतो. मोटर कितीही दमदार असली तरी त्यापुढे चाकं जागीच फिरतात. आता एक किलोचा खोका, त्याचा जमिनीशी घर्षणांक ०.४. तो हलायला ३.९ न्यूटन लागतात. एकाला जमणार नाही, दोघांच्या ४.७ न्यूटनला जमेल. खोक्यात वजनं कमी-जास्त करून हा समतोल हवा तसा साधता येतो, आणि सादरीकरणात पहिला प्रयोग एकट्या रोबोटचा करून त्याची चाकं जागीच फिरताना दाखवता येतात. घर्षणांक मात्र पुस्तकातून उचलू नका. खोक्याला स्प्रिंगचा ताणकाटा लावून ओढा आणि तुमच्याच जमिनीवर मोजा.

२. किती रोबोट, आणि डोकं कोणाचं?

तीन चालते रोबोट आणि चौथ्याचे सुटे भाग. दोनच रोबोट असले की ‘समोरचा’ म्हणजे नेहमी तोच, त्यामुळे कोणाला कोणतं काम हा प्रश्नच उद्भवत नाही. तिसरा आला की निवड करावी लागते आणि खरं सॉफ्टवेअर तिथून सुरू होतं. तिन्ही रोबोट हुबेहूब सारखे करा. एकाला ही मोटर, दुसऱ्याला ती, असं झालं की प्रत्येकासाठी वेगळे आकडे सांभाळत बसावं लागतं.

शेकडो रोबोटांचं स्वप्न पाहायला हरकत नाही, पण त्याची किंमत काय असते हेही माहीत असावं. हार्वर्डमध्ये मायकेल रुबेनस्टाइन, राधिका नागपाल आणि सहकाऱ्यांनी १०२४ ‘किलोबॉट’ एकत्र चालवले आणि ते काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. एक किलोबॉट ३३ मिलिमीटर व्यासाचा; त्याला चाकंच नाहीत, कंपन करणाऱ्या दोन छोट्या मोटरी आणि ताठ तारेचे पाय यांवर तो सरकतो. कोणी वरून हुकूम देत नाही. प्रत्येक जण फक्त शेजाऱ्यांशी इन्फ्रारेडने बोलतो. चांदणीसारखा आकार घ्यायला त्यांना सुमारे १२ तास लागले. इतक्या संख्येला प्रत्येक रोबोट जितका साधा करता येईल तितका करावा लागतो.

दुसरं टोक म्हणजे रोबोकप या रोबोटांच्या फुटबॉल स्पर्धेतली ‘स्मॉल साइज लीग’. रोबोकपची पहिली स्पर्धा १९९७ मध्ये जपानमधल्या नागोया इथे झाली. या लीगमधला रोबोट १८ सेंटिमीटर व्यास आणि १५ सेंटिमीटर उंचीच्या आत बसावा लागतो, मैदानावर वरून कॅमेरे असतात, आणि बहुतेक विचार मैदानाबाहेरचा संगणक करून रेडिओवरून रोबोटांना कळवतो. खेळ वेगवान आणि बघण्यासारखा, पण तो संगणक बंद पडला की सगळेच बंद.

तुम्ही मधला रस्ता धरा. ‘मी कुठे आहे’ हे वरचा कॅमेरा सांगेल, ‘मी काय करू’ हे प्रत्येक रोबोट स्वतः ठरवेल. रिपोर्टमध्ये हे असंच्या असं लिहा. जागा मध्यवर्ती यंत्रणेकडून येते हे लपवून ‘पूर्णपणे विकेंद्रित’ म्हणणारे ग्रुप पहिल्याच प्रश्नाला उघडे पडतात.

३. एकटा रोबोट आधी सरळ चालू द्या

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच सगळे ती उरकतात. मग तीन रोबोट एकत्र आले की चूक संदेशात आहे, निर्णयात आहे की चाकात, हेच कळत नाही.

एन्कोडर, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर, असलेल्या गिअर मोटरी घ्या. एन्कोडरशिवाय हा प्रोजेक्ट करू नये. मोटर ड्रायव्हर म्हणून एल२९८एन सगळीकडे मिळतो, पण तो जुन्या घडणीचा आहे. त्यातच सुमारे दोन व्होल्ट खर्ची पडतात आणि त्यांची उष्णता होते. लहान मोटरींना टीबी६६१२ बरा. कंट्रोलर म्हणून ईएसपी३२ सोयीचा, कारण रेडिओ त्यातच येतो. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत हे विसरू नका. पाच व्होल्ट देणारा सेन्सर मध्ये रोधकांची जोडी न घालता थेट जोडला की पिन जळू शकते.

मोटर सुरू होताक्षणी बोर्ड रीसेट होणं हे इथलं नेहमीचं दुखणं. कोडमध्ये शोधत बसू नका. मोटर सुरू होताना प्रवाह उसळतो, त्याच वेळी रेडिओही प्रवाह खेचतो, व्होल्टेज खाली बसतं आणि ईएसपी३२ स्वतःला रीसेट करतो. कंट्रोलरला वेगळा रेग्युलेटर द्या, त्याच्याजवळ मोठा कपॅसिटर लावा, आणि सगळ्यांची ग्राउंड मात्र एकच ठेवा. लिथियम-आयन सेल वापरत असाल तर संरक्षण सर्किट असलेलेच घ्या, सेल ४.२ व्होल्टच्या वर आणि ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, आणि चार्जिंगला लावून खोलीला कुलूप घालून जाऊ नका.

आता सरळ चालण्याचं गणित. दोन चाकांतलं अंतर १५० मिलिमीटर आहे आणि एक चाक दुसऱ्यापेक्षा एक टक्का मोठं आहे असं समजा. डोळ्यांना हा फरक दिसणारसुद्धा नाही. एक मीटर चालल्यावर एक चाक १० मिलिमीटर जास्त गेलेलं असेल. १० भागिले १५०, म्हणजे जवळजवळ ४ अंशांचं वळण. चार मीटरला १५ अंश. रोबोटला वाटतं आपण सरळ आलो, आणि तो भलतीकडेच तोंड करून उभा असतो.

यावर मिशिगन विद्यापीठाच्या बोरेनस्टाइन आणि फेंग यांनी १९९०च्या दशकात सुचवलेली चौरसाची चाचणी अजूनही उत्तम आहे. रोबोटला मोठ्या चौरसावरून घड्याळाच्या दिशेने काही फेऱ्या मारायला लावा, मग उलट दिशेने तितक्याच. दर वेळी शेवट कुठे झाला ते मोजा. एकाच दिशेने मोजलं तर चाकांच्या व्यासातली चूक आणि चाकांमधल्या अंतरातली चूक एकमेकींना झाकू शकतात. दोन्ही दिशांनी मोजल्यावर त्या वेगळ्या होतात. तिन्ही रोबोटांचे आकडे वेगळे येतील. ते कोडमध्ये लिहू नका. प्रत्येक बोर्डाच्या कायमस्वरूपी मेमरीत, त्याच्या ओळख क्रमांकासोबत साठवा. म्हणजे तिन्ही रोबोटांवर एकच फर्मवेअर चढतं, आणि ‘हा कोड दोन नंबरचा की तीन नंबरचा’ हा गोंधळ कायमचा मिटतो.

४. वरचा कॅमेरा

एन्कोडरची चूक साठत जाते, म्हणून मधूनमधून कोणीतरी खरी जागा सांगावी लागते. प्रत्येक रोबोटच्या डोक्यावर एप्रिलटॅग किंवा अरुको प्रकारची चौकोनी खूण चिकटवा, छताला वेबकॅम लावा आणि ओपनसीव्ही या चित्रं वाचणाऱ्या सॉफ्टवेअर-संचाने खुणा वाचा. जागा आणि दिशा, दोन्ही मिळतात. खोक्यावरही एक खूण लावा. तिचा उपयोग पुढे येणार आहे.

खुणेचा आकार अंदाजाने ठरवू नका. कॅमेऱ्याचं चित्र १२८० पिक्सेल रुंद आणि मैदान तीन मीटर असेल, तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे २.३ मिलिमीटर. १० सेंटिमीटरची खूण ४३ पिक्सेलची दिसेल. चार बाय चारच्या अरुकोत काळी कड धरून एका ओळीत सहा घरं असतात, म्हणजे एका घराला सात पिक्सेल. चालून जातं. याच्या निम्मी खूण केली तर उजेड जरा कमी झाला की ती सापडेनाशी होईल. खूण साध्या, न चमकणाऱ्या कागदावर छापा आणि भोवती पांढरी जागा सोडा. हौसेने लॅमिनेशन केलेल्या खुणा दिव्याखाली चमकतात आणि कॅमेऱ्याला पांढरा ठिपका दिसतो.

इथे एक चूक हमखास होते. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर जमिनीवर ठिपके ठेवून कॅमेऱ्याचं मोजमाप जुळवलं जातं. पण खूण जमिनीवर नसते. ती रोबोटच्या डोक्यावर, समजा १२ सेंटिमीटर उंचीवर असते. कॅमेरा अडीच मीटरवर असेल आणि रोबोट मधल्या बिंदूपासून एक मीटर दूर असेल, तर कॅमेऱ्याला तो पाच सेंटिमीटर आणखी बाहेर दिसतो. मधोमध सगळं बरोबर, कडेला सगळं चुकीचं, असं लक्षण दिसलं की हेच कारण समजा. उपाय फुकटचा आहे: कोपऱ्यातले चार ठिपके रोबोटच्याच उंचीच्या डब्यांवर ठेवून मोजमाप जुळवा. खोक्याची उंची वेगळी असेल तर त्याच्यासाठी वेगळं गणित. त्याआधी भिंगाची वक्रता काढून टाकायला बुद्धिबळाच्या पटासारख्या नक्षीने कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं, ते ओपनसीव्हीत तयार मिळतं.

कॅमेऱ्याची बातमी नेहमी शिळी असते. चित्र घेणं, खूण शोधणं, रेडिओवर पाठवणं यात १०० मिलिसेकंद गेले आणि रोबोट सेकंदाला ३० सेंटिमीटरने चालत असला, तर बातमी पोचेपर्यंत तो तीन सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून रोबोटने एन्कोडरवरच चालावं आणि कॅमेऱ्याची बातमी आली की स्वतःचा अंदाज तिच्याकडे थोडासा सरकवावा, एकदम उडी मारू नये. अंदाज आणि मोजमाप गणिताने जुळवणारा काल्मन फिल्टर येत असेल तर छानच; नसेल तर एवढ्यानेही काम भागतं.

५. बोलणं

तीन रोबोटांसाठी ईएसपी-नाऊ, म्हणजे ईएसपी३२ बोर्डांनी एकमेकांशी थेट बोलायची पद्धत, पुरेसं आहे. राउटर लागत नाही, एका संदेशात २५० बाइटांचा मजकूर सहज जातो, फक्त सगळे एकाच चॅनेलवर असावे लागतात. सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या संदेशाची पोच मात्र मिळत नाही. वेगळं मॉड्यूल लावायचं तर एनआरएफ२४एल०१ आहे. त्याच्या पॅकेटची मर्यादा ३२ बाइट, आणि त्याच्या पुरवठ्यावर कपॅसिटर लावला नाही तर ते चालता चालता मधेच रुसतं.

संदेशात काय असावं यावर सगळा प्रोजेक्ट उभा राहतो किंवा आडवा होतो. ‘पुढे ये’, ‘थांब’, ‘ढकल’ असे हुकूम पाठवू नका. एक हुकूम हरवला की दोन रोबोटांची समजूत वेगळी होते आणि ती वेगळीच राहते. त्याऐवजी प्रत्येकाने आपली स्थिती सतत सांगत राहावं: मी कोण, कुठे, काय करतोय. दर १०० मिलिसेकंदांनी. एक संदेश हरवला तरी पुढचा तेच सांगतो. माझ्या मते पुरेसं पॅकेट असं:

रोबोट क्रमांक – १ बाइट
संदेशाचा अनुक्रमांक – २ बाइट
अवस्था – १ बाइट
क्ष, य आणि दिशा – प्रत्येकी २ बाइट
हाती घेतलेलं काम – १ बाइट
बॅटरी – १ बाइट
फर्मवेअरची आवृत्ती – १ बाइट

एकूण १३ बाइट. जागा मिलिमीटरमध्ये पूर्णांकाने लिहिली की दोन बाइटांत उणे-अधिक ३२ मीटर बसतात. दशांश चिन्हांची गरजच नाही. आवृत्तीचा बाइट अनेकांना फालतू वाटतो, पण एका रोबोटवर जुना कोड राहिला आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही, ही गोष्ट प्रत्येक ग्रुपमध्ये घडते. त्या बाइटामुळे लॅपटॉपच्या पडद्यावर ते लगेच दिसतं. आणखी एक: ही रचना लॅपटॉपवरही वाचायची असेल तर कंपायलर मध्ये रिकामे बाइट भरणार नाही अशी ‘पॅक्ड’ करून घ्या. नाहीतर रोबोट क्रमांक बरोबर येतो, पण क्ष आणि य मध्ये काहीतरी अगम्य आकडे.

सगळ्यांनी नेमक्या त्याच क्षणी बोलू नये म्हणून १०० मिलिसेकंदांत वीसेक इकडे-तिकडे यादृच्छिक फरक ठेवा. संदेश आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये लांबलचक काम करू नका. मजकूर रांगेत टाका आणि बाहेर पडा. सलग पाच संदेश आले नाहीत, म्हणजे अर्धा सेकंद शांतता, तर तो रोबोट नाही असं समजायचं. उचलून ठेवण्याच्या कसोटीला उत्तर देणारा नियम नेमका हाच.

आणि हो, रेडिओ टेबलावर नेहमीच चांगला चालतो. म्हणून कोडमध्येच एक खोडी ठेवा: आलेल्या संदेशांपैकी दहातले तीन यादृच्छिकपणे फेकून द्यायचे. एवढं करूनही काम पार पडलं तरच पुढे जा.

६. निर्णय : खोक्यामागचे दोघे

प्रत्येक रोबोटच्या पाच अवस्था पुरतात: शोध, जागेवर जा, तयार, ढकल, थांब. कागदावर गोल आणि बाण काढून प्रत्येक बाणावर अट लिहा. अट लिहिता येत नसेल तर कोडही लिहिता येणार नाही.

खोक्यामागे दोन जागा, रोबोट तीन. कोण जाणार? प्रत्येक जण दोन्ही जागांपर्यंतचं आपलं अंतर सांगतो, रोबोट आणि जागा यांतलं सर्वांत कमी अंतर ज्याचं, त्या रोबोटला ती जागा मिळते, बरोबरी झाली तर लहान क्रमांकाचा जिंकतो. लिलावाची ही कल्पना रीड स्मिथ यांच्या १९८०च्या ‘कॉन्ट्रॅक्ट नेट’ पद्धतीतून पुढे आली. रिपोर्टला वजन यावं म्हणून इथे हंगेरियन पद्धत, म्हणजे सर्वांत स्वस्त वाटणी सगळे प्रकार न तपासता काढणारं गणित, आणणारे भेटतात. तीन रोबोट आणि तीन कामं असली तरी वाटणीचे प्रकार सहाच. सहाही तपासून सर्वांत स्वस्त निवडा, कंट्रोलरला काही जड जात नाही. अडचण दुसरीच येते. अंतरं क्षणोक्षणी बदलतात, त्यामुळे दोन रोबोट अर्ध्या वाटेवर कामांची अदलाबदल करत राहतात आणि कोणीच पोचत नाही. हातातलं काम सोडायचं तर नवं किमान २० टक्के स्वस्त असलं पाहिजे, असा नियम घातला की ही चलबिचल थांबते.

आता ढकलण्याचा क्षण. डावा रोबोट ‘तयार’ म्हणतो, उजवाही. दोघांनी एकाच वेळी सुरुवात करायची. पण उजव्याचा संदेश डाव्याला पोचला आणि डाव्याचा उजव्याला नाही, तर? पोच मागितली तर पोचही हरवू शकते, त्या पोचेची पोचही. बेभरवशाच्या रेडिओवर दोघांची शंभर टक्के खात्री कधीच होत नाही. संगणकशास्त्रात हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून खात्रीच्या मागे न लागता नुकसान मर्यादित ठेवा. नियम असा: मागच्या ३०० मिलिसेकंदांत जोडीदाराकडून ‘तयार’ किंवा ‘ढकल’ ऐकू आलं असेल तरच चाकं फिरवायची, नाहीतर थांबायचं. गैरसमज झालाच तर एक रोबोट जेमतेम पाव-अर्धा सेकंद एकटा ढकलेल, आणि खोका एकट्याने हलत नाही हे आपण गणिताने आधीच पाहून ठेवलंय. कामाची निवड आणि संदेशाचा नियम इथे एकमेकांना सांभाळून घेतात. त्यासाठीच आधी काम ठरवायला सांगितलं होतं.

ढकलताना खोका वाकडा होतोच. दोन मोटरी तंतोतंत सारख्या नसतात. खोक्यावरची खूण इथे कामी येते: खोका किती अंश फिरला ते दोघांनाही कळतं; ज्याची बाजू पुढे गेली त्याने वेग कमी करायचा, मागे पडलेल्याने तसाच ठेवायचा. दोघांनीही एकदम दुरुस्ती केली, एकाने कमी आणि दुसऱ्याने जास्त, तर खोका डोलायला लागतो. वेग फक्त कमी करायचा, वाढवायचा नाही, हा नियम साधा आणि खात्रीचा. किती अंशाला किती वेग कमी, हा गुणांक लहान आकड्यापासून सुरू करून वाढवत न्या; डोलणं दिसलं की निम्मा करा.

तिसरा रोबोट रिकामा नाही. तो मागे उभा राहून दोघांचे संदेश ऐकतो. एकाची शांतता अर्ध्या सेकंदावर गेली की लिलाव पुन्हा होतो आणि रिकाम्या जागेवर तो जातो. दुसऱ्याने तोपर्यंत ‘थांब’ मध्ये राहायचं. परीक्षकांना डाव्या रोबोटचा स्विच स्वतःच्या हाताने बंद करू द्या.

दोन रोबोट समोरासमोर आले आणि दोघांनी एकाच बाजूला सरकून पुन्हा एकमेकांची वाट अडवली, हा प्रकारही होणार. मोठ्या क्रमांकाच्याने थांबायचं, लहानाने उजवीकडून जायचं. बस.

७. सेन्सर एकमेकांच्या अंगावर

एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर एका रोबोटवर निमूटपणे चालतो. तीन रोबोटांवर लावला की समोर काहीच नसताना अडथळे दिसायला लागतात. कारण सगळे ४० किलोहर्ट्झवरच ओरडतात आणि दुसऱ्याची हाक आपलाच प्रतिध्वनी समजतात. आवाज चार मीटर जाऊन परत यायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. उरलेले प्रतिध्वनी विरायला वेळ धरून प्रत्येकाला ६० मिलिसेकंदांची पाळी द्या. तीन रोबोटांचं चक्र १८० मिलिसेकंदांचं, म्हणजे सावकाश चालणाऱ्यांना पुरेसं. नको असेल ही कसरत तर व्हीएल५३एल०एक्ससारखे लेझरचे सेन्सर घ्या. एका रोबोटवर असे दोन-तीन लावताना लक्षात ठेवा, सगळे एकाच पत्त्यावर, ०एक्स२९ वर जागे होतात. त्यांच्या एक्सशट पिनेने एकेकाला उठवून नवा पत्ता द्यावा लागतो. थेट उन्हात त्यांची नजर कमी होते.

८. सिम्युलेशन कधी

सुटे भाग यायची वाट बघताना. वेबॉट्स हा सिम्युलेटर २०१८च्या अखेरीपासून मुक्त स्रोत आहे, गझीबो आहे, मोठ्या झुंडींसाठी आर्गोस आहे. लिलाव, अवस्था, हरवलेले संदेश हे सगळं सिम्युलेशनमध्ये उत्तम तपासता येतं. घर्षण आणि खोक्याचं वाकडं होणं यावर मात्र त्याचा शब्द प्रमाण मानू नका. एकच शहाणपण ठेवा: निर्णय घेणारं फंक्शन मोटर आणि रेडिओच्या कोडपासून वेगळं लिहा. आत जातात आपली जागा आणि इतरांचे संदेश, बाहेर येते अवस्था आणि वेग. मग तीच फाइल सिम्युलेशनमध्येही चालते आणि रोबोटवरही.

९. मोजमाप, सादरीकरण, व्हायवा

प्रत्येक रोबोटवर रंगीत एलईडी लावा आणि अवस्थेनुसार रंग ठरवा. बघणाऱ्याला काय चाललंय ते कळतं, आणि रात्री दोन वाजता बग शोधणाऱ्यालाही. लॅपटॉपने सगळे संदेश वेळेसह फाइलमध्ये उतरवून ठेवावेत. सगळ्यांना थांबवणारा एक संदेश आणि प्रत्येकावर हाताने बंद करायचा स्विच, दोन्ही हवेतच.

रिपोर्टसाठी चार स्थिती मोजा: एकटा, दोघे, तिघे, आणि मध्येच एक बंद. प्रत्येकी निदान दहा वेळा. सरासरीसोबत सर्वांत वाईट वेळही द्या आणि किती वेळा काम फसलं तेही लिहा. ‘प्रणाली यशस्वीपणे कार्यरत आहे’ या वाक्यापेक्षा ‘दहापैकी आठ वेळा खोका पोचला, दोनदा खूण दिसेनाशी झाली’ असं लिहिलेलं परीक्षकांना जास्त पटतं.

सादरीकरणाच्या सभागृहात आदल्या दिवशी जाता आलं तर जा. जमीन वेगळी असते, म्हणून स्वतःची चटई किंवा फ्लेक्सचा तुकडा न्या. घर्षणांक त्याच्यावरच मोजलेला असू द्या. उजेड वेगळा असतो, खिडकीतून ऊन येतं. प्रत्येकाच्या खिशात फोन असल्याने २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी असते. सर्वांत मोकळं चॅनेल शोधून तिन्ही रोबोटांवर एकाच जागेवरून बदलता येईल अशी सोय ठेवा. बॅटऱ्यांचा दुसरा संच भरलेला हवा आणि सगळं नीट चाललेल्या एका फेरीचं सलग, न कापलेलं चित्रीकरण जवळ असावं.

व्हायवात एक प्रश्न ठरलेला असतो: हेच ५० रोबोटांना चालेल का? ‘हो, स्केलेबल आहे’ असं ठोकून देऊ नका. हिशोब सांगा. ५० रोबोट सेकंदाला दहा वेळा बोलले तर ५०० संदेश. ईएसपी-नाऊच्या नेहमीच्या १ मेगाबिट वेगाला एक छोटा संदेश, आधीची वाट पाहणं धरून, हवेत अर्धा ते एक मिलिसेकंद घेतो. म्हणजे पाव ते अर्धा वेळ हवा व्यापलेलीच, आणि टकरी वाढणार. तेव्हा बोलणं कमी वेळा करावं लागेल किंवा किलोबॉटसारखं फक्त जवळच्यांशी. शिवाय एका कॅमेऱ्याखालच्या मैदानात ५० रोबोटांची दाटीच होईल, आणि वाटणीचे सगळे प्रकार तपासणं तर तिथे अशक्यच. हंगेरियन पद्धत त्या दिवशी बाहेर काढा.